लेकराबाळांसह गाडीनं फिरायला निघताय? आधी फोन तयार करा!

मंठा (प्रतिनिधी) : सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, लेकरांना सुट्ट्या लागल्या की घराघरात एकच विषय निघतो, "औंदा कुठं जायचं?" कोणी शेगाव म्हणतं, कोणी वेरूळ, म्हातारी औंढा नागनाथ म्हणते आणि पोरं शिर्डी. मग कोणाची तरी बोलेरो नाहीतर क्रूझर ठरते, दशम्या-ठेचा बांधला जातो आणि पहाटे चारला सगळे निघतात. आता प्रत्येक गाडीत चार-पाच स्मार्टफोन असतात. तरीही रस्ता चुकतो, टोलनाक्यावर अडकायला होतं, खोलीचे पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात जातात. फोन आहे, पण निघायच्या आधी तो कामाला लावलेला नसतो. तो कसा लावायचा, ते आपल्याच भागातल्या रस्त्यांवर धरून सांगतो.

नकाशाला नीट विचारा, नाहीतर तो भलत्या आष्टीला नेईल

आपल्या शेजारी परतूर तालुक्यात आष्टी आहे. बीड जिल्ह्यात आष्टी आहे, वर्धा जिल्ह्यात आहे आणि गडचिरोलीतही आहे. मालेगाव म्हटलं तर एक नाशिकचं, एक वाशिमचं. पिंपळगाव तर मोजूच नका. म्हणून गूगल मॅपमध्ये नुसतं गावाचं नाव टाकू नका, पुढं तालुका किंवा जिल्हा टाका. टाईप करायला जमत नसेल तर माईकचं चिन्ह दाबा आणि मराठीत बोला, "लोणार सरोवर, बुलडाणा जिल्हा". त्याला कळतं. उत्तर आल्यावर आधी किलोमीटर बघा. मंठ्याहून लोणार तळणीमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. फोन तीनशे दाखवत असेल तर नाव चुकलंय, निघू नका.

नकाशा मराठीत बोलतो हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. मॅपच्या सेटिंगमध्ये नेव्हिगेशनचा भाग आहे, तिथं आवाज निवडायची सोय आहे, त्यात मराठी लावा. "पुढे डावीकडे वळा" असं ऐकू आलं की मागच्या सीटवरच्या आजीलासुद्धा कळतं आपण कुठं वळतोय, आणि ती ड्रायव्हरला सांगायला मोकळी.

समजा तुम्हाला एका फेरीत लोणार आणि शेगाव करायचंय. आपल्या मंठ्यातून जाणारा शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी, त्याच वाटेचा आहे. लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव. मॅपमध्ये शेगाव टाकल्यावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, "थांबा जोडा" असं येतं. तिथं लोणार टाका, मेहकर टाका. थांब्यांचा क्रम बोटानं वर-खाली सरकवता येतो. त्याच ठिकाणी निघायची वेळ टाकायची सोय आहे. पहाटे पाचला निघालो तर किती वाजता पोचू आणि सकाळी नऊला निघालो तर किती, दोन्ही बघा. त्यात जेवणाचे, चहाचे, लेकरांच्या उलट्यांचे तास मात्र नसतात. फोननं चार तास सांगितले तर म्हातारी माणसं बरोबर असताना सहा धरा. हा माझा अंदाज, पण चुकलेला फारसा बघितला नाही.

आता महत्त्वाचं. पूर्णेच्या खोऱ्यात, घाटात, जंगलाच्या कडेला रेंज जाते. म्हणून आदल्या रात्री, घरी नेट चांगलं असताना, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. मॅप उघडा, वर आपल्या फोटोच्या गोलावर दाबा, "ऑफलाइन नकाशे" निवडा. एक चौकोन येतो, तो मोठा करून मंठ्यापासून शेगावपर्यंतचा सगळा भाग त्यात बसवा आणि डाउनलोड करा. मग रेंज नसली तरी गाडीचा रस्ता दिसतो, वळणं सांगितली जातात. फक्त पुढं गर्दी आहे का, रस्ता बंद झालाय का, ते कळत नाही. नकाशा एकदा उतरवला म्हणजे कायमचा झाला असं नाही, जुना झाला की तो परत ताजा करावा लागतो.

नकाशा खोटं बोलत नाही, पण त्याला माहीत नसतं

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात तिथला पूल बुडालेला होता. फोनवर रस्ता सरळ दिसत होता. दोघं पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडली आणि तिघं गेले. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एका बाईची गाडी पुलावर जायच्या ऐवजी खालच्या रस्त्यानं थेट खाडीत गेली. सागरी पोलिसांनी तिला वाचवलं.

फक्त अंधारामुळंच हे झालं, असा माझा समज नाही. पण दिवसा काचेतून जे दिसतं ते रात्री दिसत नाही, आणि मग माणूस पडद्यावरच्या निळ्या रेघेवर सगळा भार टाकतो. ती रेघ कोण काढतं? गाड्या कुठून गेल्या, नकाशात रस्ता कसा नोंदला आहे, यावरून ती निघते. काल रात्री ओढ्याला पूर आला आणि पूल वाहून गेला, हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडं धोका वेगळाच. नकाशाला अंतर आणि वेळ वाचवायचा मोह असतो. डांबरी सोडून तो कधी कधी शिवरस्त्यानं, पाणंदीनं घालतो. उन्हाळ्यात धूळ खात निघून जाल, पण जून ते ऑक्टोबर आपल्या काळ्या रानात गाडी एकदा रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्याच्या शेतात रात्री अकराला कोण उठवणार? म्हणून घरून निघतानाच रस्ता बोटानं मोठा करून बघा. वरच्या बाजूला थरांचं चिन्ह असतं, तिथं उपग्रहाचं चित्र लावा. रस्ता काळा-राखाडी दिसला तर डांबरी किंवा सिमेंटचा, मातीच्या रंगाचा दिसला तर समजून जा. फोन दहा मिनिटं वाचवतो म्हणून अनोळखी फाट्यावर वळू नका. फाट्यावरच्या टपरीवाल्याला विचारा, "पुढं पूल चालू हाय का?" हे त्याच्याइतकं ताजं कोणालाच माहीत नसतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसत असलं तरी गाडी घालायची नाही, मग मॅप काहीही म्हणो.

पावसाळ्यात किंवा मृगाच्या आधीच्या वळवात निघालात तर 'दामिनी' ॲप असू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते तयार केलंय. तुम्ही उभे आहात तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडायचा धोका असेल तर ते सांगतं. शेतात काम करताना उपयोगी आहेच, पण रस्त्यात झाडाखाली दशम्या सोडून बसताना जास्त उपयोगी आहे. लोकेशन चालू ठेवावं लागतं, एवढं ध्यानात असू द्या.

समृद्धी, फास्टॅग आणि डिझेलचा हिशोब

शिर्डी किंवा नागपूर म्हटलं की आता समृद्धी महामार्ग डोळ्यासमोर येतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर ते शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. आपल्याला तो जालन्याजवळ धरता येतो, नागपूरकडं जायचं तर मेहकरजवळ. दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला तिथं बंदी आहे. नकाशात दुचाकीची खूण निवडलेली असेल तर रस्ता वेगळा दिसेल, म्हणून वर कारचं चिन्ह आहे ना ते तपासा.

समृद्धीवर टोल किलोमीटरवर आहे. जिथून चढलात आणि जिथं उतरलात तेवढ्याचा. कारला सुरुवातीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होता, एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. शंभर किलोमीटर गेलात तर दोनशेच्या वर गेले, असा मोटा हिशोब ठेवा. फास्टॅग आदल्या दिवशीच भरा. बँकेचा किंवा फास्टॅग देणाऱ्या कंपनीचा निरोप आला असेल की केवायसी अर्धवट आहे, तर तेही आधीच उरकून घ्या, कारण खात्यात पैसे असूनही टॅग काळ्या यादीत गेला तर नाक्यावर दांडा उघडत नाही. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग चालला नाही आणि रोख दिले तर दुप्पट टोल, यूपीआयनं दिले तर सव्वापट असा नियम लागू झाला. १५ ऑगस्ट २०२५ ला वार्षिक पास सुरू झाला, त्या वेळी तो ३००० रुपयांना होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पण तो खासगी कार-जीपला आणि फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. समृद्धी राज्याची आहे, तिथं त्या पासच्या भरवशावर जाऊ नका. भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीलाही तो पास नाही.

डिझेलचा हिशोब फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतो. जाऊन-येऊन ३२० किलोमीटर, गाडी लिटरला १४ देते, म्हणजे जवळपास २३ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर २०७० रुपये. यात टोल, चहापाणी मिळवा आणि माणशी वाटून व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच टाका. भावकीतली भांडणं ट्रिपनंतर पैशावरूनच होतात.

वेगाचं एकच सांगतो. १ जुलै २०२३ ला पहाटे दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. सरळ, मोकळा, सारखा रस्ता रात्री झोप आणतो. कारला १२० ची मर्यादा आहे, पण बारा-पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या, त्याच टायरवर, वर सामान आणि आत दहा माणसं घेऊन १२० गाठायचं नसतं. निघण्याआधी टायरची हवा तपासा. फोननं हवा मोजता येत नाही.

खोली बुक करताना पैसे जाऊ नयेत म्हणून

हा भाग नीट वाचा. कुटुंबाचे दहा-पंधरा हजार रुपये एका मिनिटात जातात ते इथंच.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं, म्हणजे आयफोरसीनं, यात्रेकरूंना सावध केलं होतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या खोल्या, सोमनाथची अतिथीगृहं अशा नावांनी बनावट संकेतस्थळं, फेसबुक पानं आणि व्हॉट्सॲप खाती चालवून लोकांना लुटलं जात होतं. पद्धत अशी. तुम्ही "भक्त निवास बुकिंग" असं शोधता. पहिल्याच ओळीत एक नंबर येतो. फोन केला की समोरचा गोड बोलतो, देवस्थानाचं चिन्ह असलेला डीपी असतो, खोल्यांचे फोटो पाठवतो. "आत्ता निम्मे पाठवा, नाहीतर खोली जाईल." तुम्ही पैसे पाठवता. मग "पावती निघाली नाही, अजून एकदा पाठवा, आधीचे परत येतील." आणि मग नंबर बंद.

ओळखायचं कसं? एक म्हणजे घाई. खरं देवस्थान तुम्हाला घाई करत नाही. दुसरं, पैसे कोणाच्या नावावर जात आहेत ते यूपीआय पाठवण्याआधी पडद्यावर दिसतं. संस्थानचं नाव नसून कुठल्या तरी माणसाचं नाव दिसलं तर तिथंच थांबा. तिसरं, पैसे परत देण्यासाठी कोणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितलं तर ती फसवणूकच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. घरातल्या प्रत्येक माणसाकडून हे वाक्य पाठ करून घ्या. आणि गूगल मॅपवर एखाद्या जागेखाली दिसणारा नंबरही डोळे झाकून खरा मानू नका, तिथं बाहेरचा माणूससुद्धा बदल सुचवू शकतो.

ठिकाणानुसारही फरक असतो. शिर्डीला संस्थानच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आगाऊ खोली मिळते. शेगावला मात्र भक्त निवासाची खोली तिथं गेल्यावर काउंटरवर मिळते, म्हणून "शेगावची खोली ऑनलाईन करून देतो" असं म्हणणाऱ्याला पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही. गर्दीचे दिवस, म्हणजे प्रकटदिन, गुरुवार, रामनवमी, टाळून गेलात तर खोलीची ओढाताणही होत नाही.

प्रवास झाल्यावर दुसरा सापळा असतो. "तुमच्या वाहनाचं चलान झालं आहे" असा व्हॉट्सॲप संदेश आणि त्याखाली 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल. ती उघडून फोनमध्ये बसवली की फोनमधले संदेश, ओटीपी चोराच्या हाती जातात. सरकार चलानासाठी एपीके पाठवत नाही. चलान खरंच झालंय का ते वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जेवढा लवकर फोन, तेवढी पैसे मधेच गोठवले जायची शक्यता जास्त. बँकेचं नाव, व्यवहाराचा नंबर, वेळ आणि समोरच्याचा मोबाईल नंबर जवळ घेऊनच फोन लावा.

वेरूळला मंगळवारी जाऊ नका

एवढं मोठं कुटुंब दीडशे किलोमीटर जाऊन दारातून परत फिरलेलं मी बघितलंय. वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. मॅपमध्ये ठिकाणावर दाबलं की आठवड्याच्या वेळा येतात, त्या बघूनच दिवस ठरवा. तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या लेकरांना नाही. पुरातत्त्व खात्याच्या ऑनलाईन सोयीवरून आधी काढलं तर खिडकीवरची रांग वाचते. अजिंठ्याला आपली गाडी लेणीपर्यंत जात नाही, फर्दापूरजवळच्या फाट्यावर लावून पुढं बसनं जावं लागतं. त्याचा वेळ धरा. घृष्णेश्वर वेरूळ लेणीच्या अगदी जवळ आहे, म्हातारी माणसं देवदर्शनाला आणि पोरं लेणीला, असं वाटून घेता येतं.

गाडीची कागदं डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये ठेवा. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, सगळं तिथं चालतं. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजीलॉकर नव्हे, हे मात्र पोलीस नक्की सांगतील.

ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांनी एसटीचं ॲप बघावं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. चार बायका आणि दोन आज्या असलेल्या कुटुंबाला भाड्याच्या जीपपेक्षा एसटी कितीतरी स्वस्त पडते, हे कागदावर मांडून बघा.

रस्त्यात फोन कोणाकडं?

ड्रायव्हरकडं नाही. शेजारी बसणाऱ्याकडं. आमच्याकडं हे काम नववी-दहावीतल्या पोरीला देतात आणि ती घरातल्या कोणाही पुरुषापेक्षा चांगलं करते. फोन समोर लावायचाच असेल तर स्टँडवर, रस्ता झाकणार नाही असा. काचेमागं उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून एक जास्तीचा फोन आणि गाडीत चालणारा चार्जर असू द्या.

दोन गाड्या असतील तर व्हॉट्सॲपवर "लाईव्ह लोकेशन" पाठवा, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असे पर्याय येतात. मग "कुठं आलात?" असे पन्नास फोन होत नाहीत. गावाकडं राहिलेल्या भावालाही पाठवून ठेवा. स्टेटसला मात्र "सगळे शेगावला" असं त्याच दिवशी टाकू नका, घराला कुलूप आहे हे साऱ्या गावाला सांगायची गरज नाही. फोटो परत आल्यावर टाका.

आणि फोन सारखा हातात धरून बसू नका, पण एका गोष्टीला वापरा. लोणारच्या काठावर उभं राहिल्यावर लेकरं विचारतील हे काय आहे. उल्का पडून बसाल्ट खडकात तयार झालेलं, साधारण पावणेदोन किलोमीटर रुंदीचं हे विवर आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळं. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर यादीत गेलं. हे सांगून झालं की फोनचं रेकॉर्डर चालू करा आणि आजीला विचारा, तुझ्या लहानपणी लोणारला कसं जायचे, किती दिवस लागायचे, बैलगाडीत काय काय बांधून न्यायचे. जिंतूरच्या वाटेवर चारठाण्याला जुनी देवळं आहेत, तिथंही दहा मिनिटं थांबा आणि हेच विचारा. गाडीत बसल्या-बसल्या ती एवढं बोलेल की दोन तासांचा रस्ता कळणार नाही. ते रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असेल तर शेगावहून हरभऱ्याला पाणी चालू करता येतं, लाईट आहे का तेही कळतं. पण बारं मोडायला आणि म्हशीची धार काढायला कोणाला तरी सांगूनच निघा. त्याचं ॲप अजून निघालेलं नाही.

गाडीत सगळ्यांच्या फोनमध्ये हे नंबर टाकून ठेवा : पोलीस आणि कोणतीही आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३, ऑनलाईन फसवणूक १९३०. राष्ट्रीय महामार्गांवर रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात, फोन करताना जवळच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा, मदत सापडायला सोपं जातं.